1911चा म्हणून घेतलेला रुपया

नाण्यांच्या एका प्रदर्शनात 6,500 रुपये मोजून मी पंचम जॉर्जचा 1911चा चांदीचा रुपया घेतला. तो 1912चा निघाला. शेवटचा 2 घासून, कोरून त्याचा 1 केला होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण नाणं अस्सल की नकली हे ओळखायच्या ज्या खुणा आपल्याला ठाऊक असतात, त्या सगळ्या या रुपयात होत्या.

माझ्या बाबांनी 1912 ते 1920 पर्यंतचे रुपये जमवले होते. लक्ष्मीपूजनाला ते पाटावर मांडले जायचे, दुसऱ्या दिवशी पुसून परत अल्बममध्ये. 1911चा खण मात्र ते जाईपर्यंत रिकामाच राहिला. तो भरायचा होता. विकणाऱ्यापाशी मी हे बोलून गेले, आणि तिथेच त्याला माझी नड कळली.

या रुपयाला मागणी का, तर त्यावरच्या हत्तीमुळे. नाण्यावर राजाच्या अंगात झगा आहे आणि गळ्यात ‘ऑर्डर ऑफ द इंडियन एम्पायर’ या किताबाची माळ. त्या माळेत हत्ती असतो. नाण्यावर तो छातीशी अगदी बारीक कोरलाय, भिंगाशिवाय नीट दिसत नाही. 1911च्या ठशात त्याची सोंड इतकी आखूड आली की लोकांना ते डुक्कर वाटलं. राजाच्या छातीवर डुक्कर, आणि ते रोज हाताळायच्या नाण्यावर! मुसलमानांमध्ये फार संताप झाला. सुमारे 94 लाख रुपये पाडून झाले होते, त्यांतले 7 लाखांच्या आसपास बाजारात गेले होते. उरलेले वितळवले आणि 1912पासून लांब, स्पष्ट सोंडेचा नवा ठसा आला. संग्राहक जुन्याला ‘पिग रुपी’ म्हणतात. साम्राज्याने हिंदुस्थानची खूण म्हणून जो हत्ती मिरवला, त्याच्यापायीच आपलं नाणं मागे घ्यायची वेळ तिच्यावर आली, याचं मला अजून नवल वाटतं. बाबा ही गोष्ट सांगताना प्रत्येक वेळी रंगून जायचे.

विकणाऱ्यालाही ती पाठ होती. “ताई, हे बघा डुक्कर,” म्हणत त्याने नाणं माझ्यासमोर धरलं. नाणं बरंच झिजलेलं होतं, हॉलमध्ये उजेड बेताचा, मागे गर्दी. मला जे दिसायला हवं होतं तेच दिसलं.

तरी मी अगदी डोळे मिटून पैसे दिले नाहीत. काट्यावर वजन पाहिलं: 11.66 ग्रॅमच्या जवळपास, म्हणजे जुना एक तोळा, रुपयाभार. चुंबकाला चिकटलं नाही. वाजवलं तर खणखणीत. नंतर आमच्या सराफकाकांनीही पाहून सांगितलं, “चांदी चोख जुनी आहे गं.” ते खरंच बोलले. नाणं सरकारी टांकसाळीचंच होतं, चांदी 91.7 टक्क्यांचीच होती. खोटा होता तो एक आकडा, आणि आकड्याचा खोटेपणा काट्यावर उतरत नाही.

कळलं ते दिवाळीत. पाटावर नवा रुपया बाबांच्या 1912च्या शेजारी ठेवला आणि सहज दोन्हींवर भिंग फिरवलं. दोन्ही हत्ती सारखे. दोघांनाही लांब सोंड! पोटात खड्डा पडला. मग वर्ष पाहिलं. खऱ्या 1911मध्ये तीन एक असतात आणि तिन्ही एकाच ठशातून आलेले, म्हणून सारख्याच उंचीचे नि जाडीचे. माझ्या नाण्यावरचा शेवटचा एक बारीक होता, किंचित कललेला. त्याच्याभोवतीची जागा खोलगट, आणि बाकीच्या काळसर पृष्ठभागात तेवढीच उजळ. तिरप्या उजेडात चरे स्पष्ट दिसले.

मी विकणाऱ्याला फोन केला. “तेव्हा बघून घेतलंत ना?” एवढंच म्हणाला. पावतीवर ‘जुने नाणे, 1 नग’ असं लिहिलेलं. वर्ष नाही, राजाचं नाव नाही, परतीबद्दल अक्षर नाही. त्या पावतीवर मी काय सिद्ध करणार होते? पावतीवर ‘पंचम जॉर्ज, एक रुपया, 1911, अस्सल, नकली निघाल्यास परत’ एवढं तरी लिहून घ्या. जो लिहायला कां-कूं करतो, त्याच्याकडून घेऊ नका. आणि 1911 घ्यायचा असेल तर सोबत 1912चा एखादा रुपया नक्की न्या. तो सहज मिळतो, चांदीच्या भावापेक्षा फार महाग नसतो. आधी हत्ती ताडून पाहा, वर्ष त्यानंतर. हत्ती इतका झिजलेला असेल की सोंडच कळत नाही, तर 1911ची किंमत देऊ नका, समोरचा काहीही सांगो.

पैसे गेले त्याचं दुःख आहेच. जास्त लागलं ते हे की बाबांच्या आवडत्या गोष्टीचाच त्याने गळ केला.

यंदाच्या प्रदर्शनात तो पुन्हा बसला होता. मखमलीवर आणखी एक ‘1911’. कॉलेजातला एक मुलगा तो उचलून बघत होता आणि विकणारा डुकराची गोष्ट सांगत होता. मी पर्समधून भिंग काढून त्या मुलाच्या हातात दिलं आणि म्हटलं, “बाळा, याची सोंड बघ.” त्याने बराच वेळ पाहिलं, आणि नाणं परत मखमलीवर ठेवलं.