वाय-फाय सिक्स राउटर, आठ महिने: रेंज नेमकी कुठे जाते

राउटर एएक्स१५०० वर्गातला (कागदावर दोन्ही बँडचा मिळून वेग साधारण १५०० एमबीपीएस), ड्युअल बँड म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ अशा दोन पट्ट्यांवर चालणारा, चार अँटेनांचा. घर आरसीसी इमारतीतला टू-बीएचके, फायबर लाइन २०० एमबीपीएसची. राउटर चांगला आहे. पण रेंजच्या तक्रारी त्याने एकट्याने मिटल्या नाहीत. जास्त फरक जागा, चॅनल आणि वायरिंगने पडला.

आधी जागा. लाइन टाकणारे फायबर जिथून आत येते तिथेच, बहुधा टीव्हीमागे, फायबरचा सिग्नल केबलमध्ये उतरवणारा डबा ठोकून जातात. तिथे राउटर असताना शेवटच्या बेडरूममध्ये ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल उणे ७९ डीबीएम दिसायचा. हा आकडा शून्याच्या जितका जवळ तितकी रेंज चांगली. उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल नीट चालतो, उणे ७५ च्या पलीकडे तुटायला लागतो. फायबरच्या डब्यापासून १० मीटर कॅट-६ नेटवर्क केबल ओढून राउटर पॅसेजमध्ये साडेसहा फुटांवर लावला आणि त्याच खोलीत आकडा उणे ६५ वर आला. मधल्या विटांच्या दोन भिंती होत्या तशाच आहेत. वाटेतून हटलं ते आरशाचं लोखंडी कपाट. पत्रा सिग्नल अडवतो आणि आरशामागचा धातूचा मुलामाही तेच करतो. अँटेना सरळ उभ्या ठेवा, सिग्नल त्यांच्या आडव्या दिशेने पसरतो. वरच्या मजल्यावर रेंज हवी असेल तर एखादी आडवी करा.

चॅनल, म्हणजे बँडमधला राउटर वापरतो तो छोटा भाग, ऑटोवर सोडू नका, ही या राउटरची खरी कमजोर बाजू. २.४ वर तो कधी ३, कधी ८ निवडतो आणि दोन्हीकडच्या शेजाऱ्यांच्या नेटवर्कमध्ये अडकतो. एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. त्यातला कमी गर्दीचा हाताने लावा, चॅनलची रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. मायक्रोवेव्ह ओव्हनही याच बँडमध्ये गोंगाट करतो, म्हणून स्वयंपाकघराच्या भिंतीला राउटर टेकवू नये. ५ गिगाहर्ट्झवर ३६ ते ४८ किंवा १४९ ते १६१ घ्या. ५२ ते १४४ मध्ये राउटरला रडारचा सिग्नल जाणवला की चॅनल सोडावाच लागतो. त्या पट्ट्यातलाच दुसरा चॅनल घेतला तर तिथे बोलण्याआधी किमान एक मिनिट ऐकत थांबावं लागतं. नेट अधूनमधून मिनिटभर गायब होत असेल तर हे आधी तपासा.

फायबरच्या डब्याचं स्वतःचं वाय-फाय बंद करायला बहुतेक जण विसरतात. मग फोन त्याच्याच मरतुकड्या सिग्नलला चिकटून राहतो. स्मार्ट बल्ब आणि प्लग बहुतेक फक्त २.४ वर चालतात, म्हणून दोन्ही बँडना वेगळी नावं देणं सोयीचं.

स्पीडटेस्ट ९४-९५ वर थबकत असेल तर वाय-फायला दोष देऊ नका. तो १०० एमबीपीएसच्या पोर्टचा किंवा केबलचा आकडा आहे. गिगाबिटला (१००० एमबीपीएस) केबलमधल्या आठही तारा लागतात. क्रिंपिंगमध्ये, म्हणजे टोकाला कनेक्टर दाबून बसवताना, एखादी सुटली तर लिंक १०० वर घसरू शकते. नवा आरजे-४५ (केबलच्या टोकाचा कनेक्टर) लावला की काम होतं.

वीज जाते तिथे मिनी यूपीएस लागतोच, पण अँपिअर मोजून घ्या. डब्याचा अ‍ॅडॉप्टर १२ व्होल्ट १ अँपिअर आणि राउटरचा १२ व्होल्ट दीड. दोन्ही एकाच २ अँपिअरच्या यूपीएसवर टाकले तर लोड वाढताच राउटर रीस्टार्ट होतो. ३ अँपिअरचा घेतल्यावर हे थांबलं.

एवढं करूनही एखादी खोली कोरडी राहिली तर रिपीटर (सिग्नल पकडून पुढे पाठवणारं यंत्र) घेऊ नका. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि पुढे पाठवतो, त्यात वेग साधारण निम्मा होतो. घरातला जुना राउटर केबलने जोडा आणि अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल आणि बाकी काम मुख्य राउटर करेल. हा मोड नसेल तर त्याचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटणारी सेवा) बंद करा, आयपी पत्ता मुख्य राउटरहून वेगळा द्या आणि केबल वॅन (इंटरनेट आत येण्याचा) नव्हे, लॅन (घरातली उपकरणं जोडण्याचा) पोर्टमध्ये खोचा.