६ बाय ८ फुटांचं पॉलीकार्बोनेट ग्रीनहाऊस आणि पंख्याचा हीटर: चार हिवाळे काढल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, ब्रँडचं नाव लिहिणार नाही, कारण अर्धा रिव्ह्यू तक्रारीचाच आहे. २०२१ च्या एप्रिलमध्ये घेतलं, साडेपाचशे पौंड, वर पायाच्या फरश्यांचे वेगळे. अॅल्युमिनियमची फ्रेम, ४ मिमी दुपदरी पॉलीकार्बोनेटचे पत्रे, छताला एक खिडकी, सरकतं दार. आम्ही राहतो इंग्लंडच्या पार वरच्या टोकाला, नॉर्थम्बरलंडमध्ये, डिसेंबरात सकाळी साडेआठला उजाडतं आणि पावणेचारला अंधार, आणि अशा ठिकाणी मला निवडुंग लावायची हौस. आईला अजून पटलेलं नाही, "कुंपणाला लावायची झाडं तू काचेच्या घरात ठेवतोस?" काच नाहीये गं आई, प्लास्टिक आहे, हे सांगून काही उपयोग होत नाही.

जोडणी: दोन वीकेंड गेले. माहितीपुस्तकात एक शब्द नाही, नुसती चित्रं, आणि नटबोल्टच्या सगळ्या पिशव्या दिसायला सारख्या. पाया लेव्हलमध्ये नसेल तर दार सरकत नाही, एवढं लक्षात ठेवा, बाकी जमतं.

आता खरी तक्रार. पत्रे फ्रेममध्ये नुसत्या क्लिपांवर बसतात. २६ नोव्हेंबर २०२१ च्या रात्री आर्वेन वादळ आलं, आमच्याच काऊंटीत ब्रिझली वूडला ताशी ९८ मैलांचा झोत नोंदला गेला. इकडे वारा बहुतेक पश्चिमेचा, म्हणून मी दार पूर्वेला ठेवलेलं, आणि हे वादळ आलं नेमकं उत्तर-पूर्वेकडून. दार हललं, फट पडली, वारा आत शिरला आणि आतून चार पत्रे फुगवून उडवून दिले. सकाळी बघतो तर एक बागेत, एक शेजारच्या झुडपात, बाकीचे दोन दिसेचनात. आणि लाईट गेलेली. तीन दिवस. म्हणजे हीटर कितीही भारी असला तरी शोभेचा. आत कमाल-किमान थर्मामीटर लावलेला आहे, त्यावर उणे ३ दिसलं.

मी म्हटलं संपलं सगळं. पण झालं काय ते नीट सांगतो, कारण माझ्या मते हीटरपेक्षा हे जास्त कामाचं आहे. ऑक्टोबरच्या मध्यापासून मी पाणी बंद केलं होतं, माती खडखडीत कोरडी. रेब्युशिया आणि लोबिव्हिया हे छोटे गोल निवडुंग, शिवाय फड्या निवडुंग, यांना काही म्हणजे काही झालं नाही, जरा सुरकुतले होते ते तसेच राहिले. मॅमिलेरिया या निवडुंगाच्या एकाच जातीच्या सहा कुंड्या होत्या, तीन दाराजवळ आणि तीन मागे. मागच्या तिन्ही ठणठणीत. दाराजवळच्या तिन्ही उडालेल्या पत्र्याच्या खालीच होत्या, त्यांच्यावर पाऊस आणि बर्फ पडला, आठवड्याभरात बुडाशी तपकिरी झाल्या, बोट लावलं तर पिकलेल्या चिक्कूसारखं आत गेलं. थंडी सगळ्यांना सारखीच, फरक फक्त पाण्याचा. मेलोकॅक्टस आणि अडेनियम मात्र कोरडे असूनही गेले, त्यांना १२ डिग्रीच्या खाली ठेवायचंच नसतं, ती माझी चूक. कोरफडीची तर जेली झाली.

हे सगळं व्हिडिओ कॉलवर अण्णांना सांगितलं. आमची सांगोल्याला डाळिंबाची बाग आहे. ते शांतपणे म्हणाले, "म्हणजे ताणच देतोस की." आणि खरंच की, डाळिंबाला फुलं यावीत म्हणून आंबे बहार धरताना नोव्हेंबर-डिसेंबरात पाणी तोडतात तेच हे. मी इंग्रजीतून वाचून वाचून शिकलो आणि लहानपणापासून घरात तेच बघत होतो. नोव्हेंबर ते मार्च थंड आणि कोरडं ठेवलं की मे महिन्यात रेब्युशिया असा फुलतो की खालचं झाड दिसत नाही, आणि उबदार खिडकीत ठेवून हिवाळाभर पाणी पाजलं की लांबुळका, फिका होतो, फुलाचं नाव नाही. लिथॉप्सचंही, म्हणजे त्या गोट्यांसारख्या दिसणाऱ्या रसाळ झाडांचंही, तसंच, जुनी पानं पार वाळून कागद होईपर्यंत पाणी द्यायचं नाही, कितीही दया आली तरी.

आता हीटर. २ किलोवॅटचा, पंख्याचा, साठ पौंड. थर्मोस्टॅटच्या चकतीवर बर्फाचं चित्र आणि १ ते ६ आकडे, त्याचा डिग्रीशी काही संबंध नाही. मी तीन रात्री थर्मामीटर बघून बघून ठरवलं की दीडावर ठेवलं की आत ५ राहतं, मग तिथे नेलपॉलिशचा ठिपका दिला. डिसेंबर २०२२ च्या कडाक्यात एका रात्रीत ९ युनिट खाल्ले, तेव्हा युनिट ३४ पेन्सला होतं, म्हणजे रात्रीचे तीन पौंड निवडुंगांवर, बायकोला हे आकडे अजून माहीत नाहीत. पुढच्या वर्षी आतून बबलरॅप लावला, बराच फरक पडला. पंखा नुसताही फिरवता येतो, हवा खेळती राहिली की बुरशी कमी. शेजारच्या आजींनी पॅराफिनचा हीटर घे म्हणून सुचवलं होतं, लाईट गेली तरी चालतो म्हणून, मुद्दा बरोबर आहे, पण एक लिटर पॅराफिन जळलं की साधारण लिटरभर पाण्याची वाफ आत सुटते, ती छताला लागून थेंब थेंब झाडांवर, मग ताण कसला.

सगळ्यात वसूल झालेली वस्तू मात्र हीटर नाहीच, छताच्या खिडकीचा आपोआप उघडणारा दट्ट्या. पंचवीस पौंड. नळीत मेण असतं, ऊन तापलं की ते फुगून दट्ट्या ढकलतं आणि खिडकी उघडते, वीज नाही, बॅटरी नाही. इथेसुद्धा जूनमध्ये बंद ग्रीनहाऊस चाळीसच्या वर जातं, आणि मी तेव्हा ऑफिसात असतो.

एक झाड ग्रीनहाऊसमध्ये ठेवत नाही, शिंदळ माकुडी. शिवनेरीच्या कड्यांवर उगवणारी, जगात फक्त आपल्या महाराष्ट्रात, आणि मला मिळाली कुठे तर इथल्या कॅक्टस क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडे, फ्रेरिया इंडिका हे शास्त्रीय नाव लिहिलेल्या पट्टीसकट. ते फ्रेरिया म्हणजे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रेअर, त्यांचं नाव. ५ डिग्री तिला सोसणार नाही म्हणून हिवाळ्यात ती हॉलच्या खिडकीत, देवघराच्या शेजारी.

तर ग्रीनहाऊसला पाचपैकी तीन, हीटरला चार. घेतलंत तर पहिल्याच दिवशी प्रत्येक पत्र्याच्या कडेला सिलिकॉनची धार मारा आणि दाराला वेगळी कडी लावा, त्यानंतर मोठी वादळं येऊन गेली, एकही पत्रा हलला नाही. हरवलेल्या दोन पत्र्यांपैकी एक नंतर सापडला, त्याच आजींच्या परसात, त्यांनी तो विटांवर आडवा टाकून खाली लेट्यूस लावलं होतं. मी काही बोललो नाही, नवीन मागवला.