एप्रिलमध्ये भरणारी शाळा: दोन उन्हाळ्यांनंतर एका पालकाचा अभिप्राय

नागपूरच्या आमच्या घरात सध्या दोन शालेय वर्षे एकत्र नांदतात. मुलगी अनुदानित मराठी शाळेत, राज्य मंडळाच्या अभ्यासक्रमाला आहे. तिचे वर्ष जूनच्या अखेरीस सुरू होते आणि एप्रिलच्या परीक्षेनंतर संपते. मुलगा २०२४ पासून एका खासगी सीबीएसई शाळेत जातो आणि त्याची नवी इयत्ता १ एप्रिलला उघडते. ज्या शाळेबद्दल मी लिहीत आहे ती ही दुसरी. तिचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या तक्रारी येतील त्या एका शाळेपेक्षा त्या वेळापत्रकाच्या अधिक आहेत, आणि महाराष्ट्रात सर्वांनाच हे वेळापत्रक लागू करावे की काय याची चर्चा सुरू असताना, ते पैसे मोजून घेतलेल्या पालकाला काय मिळाले हे कोणीतरी नोंदवून ठेवावे असे मला वाटते. शिक्षक मनापासून शिकवतात, मैदान मोठे आहे, स्वच्छतागृहे खरोखर स्वच्छ असतात. एवढे सांगून ते विषय बाजूला ठेवते.

प्रवेश घेताना एप्रिलचे सत्र हा आम्हाला शाळेचा मोठा गुण म्हणून सांगण्यात आला होता. मार्चमध्ये परीक्षा संपते, मूल रिकामे राहत नाही, सुटीपूर्वीच नव्या इयत्तेचा महिनाभर अभ्यास होतो आणि इतर शाळांची मुले जूनअखेर वर्ग शोधत असतात तेव्हा आपली मुले पुढच्या धड्यांवर गेलेली असतात, असा तो हिशेब होता. आम्हाला तो पटला, हेही मान्य केले पाहिजे.

पहिली अडचण मात्र शाळा सुरू होण्याआधीच उभी राहिली. मुलगा तोवर राज्य मंडळाच्या शाळेत पाचवीत होता, त्याच वर्षापासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा उत्तीर्ण होणे राज्यात आवश्यक झाले होते, आणि ती परीक्षा एप्रिलच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात होती. नव्या शाळेची सहावी १ एप्रिलला सुरू झाली. म्हणजे पाचवीचा निकाल लागण्यापूर्वीच तो सहावीत बसू लागला आणि लेखी परीक्षेच्या पाच दिवशी सहावीच्या हजेरीपटावर गैरहजर व पाचवीच्या हजेरीपटावर हजर राहिला. तोंडी परीक्षेच्या दिवशी तर त्याने दोन्ही गणवेश वापरले. सकाळी सहावीचा तास करून, रिक्षातच शर्ट बदलून तो पाचवीच्या परीक्षेला पोचला. त्या आठवड्यात गावाहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी त्याला विचारले, "कोण्या वर्गात हायेस रे तू?" त्यावर तो म्हणाला, "साडेदहापर्यंत सहावीत, मग पाचवीत." घरातले सगळे हसलो, पण दाखल्याचे प्रकरण सुरू झाल्यावर हसू मावळले. जुनी शाळा निकालाआधी दाखला देणे शक्यच नव्हते, आणि त्यात तिची चूक काहीच नव्हती. नव्या शाळेच्या कार्यालयातून मात्र दाखला त्वरित सादर करावा, अन्यथा प्रवेश तात्पुरता समजला जाईल, असा संदेश दर सोमवारी येत राहिला. आमच्यासारखी किमान आठ-दहा मुले त्या वर्गात होती. दरवर्षी राज्य मंडळातून मुले घेणाऱ्या शाळेला या तारखा ठाऊक नसतील असे म्हणता येत नाही. कार्यालयातील एका लिपिकबाईंनी शेवटी हळूच सांगितले की संदेश यंत्रातून आपोआप जातो, तुम्ही मनावर घेऊ नका, मे महिन्यात आणून द्या. हेच पहिल्या दिवशी लिहून दिले असते तर महिनाभराची धाकधूक वाचली असती.

आता त्या बहुचर्चित अतिरिक्त महिन्याविषयी. शाळा आठवड्यातून पाच दिवस भरते. २०२४ च्या एप्रिलमध्ये गुढीपाडवा मंगळवारी, रमजान ईद गुरुवारी आणि रामनवमी बुधवारी आली. १९ तारखेला नागपुरात लोकसभेचे मतदान होते. आणि शुक्रवार २६ एप्रिलनंतर उन्हाळी सुटी लागली. मी रोजनिशी काढून मोजले तेव्हा शाळा प्रत्यक्षात भरल्याचे सोळा दिवस निघाले. पहिला अनुभव अपवाद असेल असे समजून २०२५ मध्येही मोजले. महावीर जयंती, आंबेडकर जयंती आणि गुड फ्रायडे वजा जाता, २५ एप्रिलपर्यंत पुन्हा सोळाच. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षाला किमान २२० दिवस शाळा भरावी लागते. त्या हिशेबाने सोळा दिवस ही काही अगदीच तुच्छ रक्कम नव्हे. पण त्या सोळांपैकी पहिले चार-पाच दिवस तुकड्या बदलणे, बसच्या फेऱ्या ठरवणे आणि ओळखी यांत जातात, शेवटचे दोन सुटीतील प्रकल्पांच्या सूचना उतरवून घेण्यात जातात, आणि पहिल्या वर्षी तर आमच्या मुलाचे पाच दिवस जुन्या शाळेत गेले. महिना म्हणून जे विकले गेले ते हाती आले तेव्हा जेमतेम दोन आठवड्यांचे शिकवणे होते.

त्यातही २०२४ मध्ये सहावीची पाठ्यपुस्तके बदलली होती आणि नव्या पुस्तकांकडे वळण्यासाठी मुलांना महिनाभराचा सेतू अभ्यास द्यावा असे सीबीएसईने शाळांना कळवले होते. कल्पना चांगली होती. चित्रे, खेळ, भोवतालची निरीक्षणे असा तो अभ्यास होता आणि मुलाला आवडलाही. शाळेने मात्र त्याच जोडीला एका खासगी प्रकाशकाच्या पुस्तकांचा पूर्ण संच घ्यायला लावला, ज्यातील निम्मी पुस्तके पुढे वर्षभर उघडली गेली नाहीत. निकाल मार्चच्या अखेरच्या आठवड्यात आणि शाळा १ एप्रिलला, मध्ये जेमतेम तीन-चार दिवस. एवढ्या वेळात कोणाची जुनी पुस्तके मागायची, कोणत्या दुकानात भाव पाहायचा? शाळेच्या खिडकीवर जे मिळेल ते घेऊन रांगेतून बाहेर पडायचे, एवढेच उरते. मुलीच्या बाबतीत निकाल ते नवी इयत्ता यांत दीड-दोन महिने असतात, पुस्तके शाळेतून मोफत मिळाली, आणि वह्या आम्ही जूनमध्ये सावकाश महाल भागातल्या ठोक दुकानातून डझनावारी आणल्या. वेळापत्रकाचा हा खर्च कोणत्याही माहितीपुस्तिकेत छापलेला नसतो.

उन्हाबद्दल सविस्तर लिहिले पाहिजे, कारण नागपुरात शालेय वर्षाची चर्चा शेवटी उन्हापाशीच येते. एप्रिलच्या मध्यावर येथे पारा चाळिशीच्या पुढे असतो. शाळा सकाळी सातला भरून साडेअकराला सुटते, आणि कागदावर हे समंजस दिसते. पण सुटलेली बस शेवटच्या थांब्यांपर्यंत पोचते तेव्हा साडेबारा झालेले असतात. मुलाचा थांबा शेवटून दुसरा आहे. तो उतरतो तेव्हा रेक्झिनच्या आसनाला चिकटून शर्टाची पाठ ओली झालेली असते, बाटलीतल्या पाण्याने चहा करावा असे वाटते, आणि डोक्याला बांधून दिलेला दुपट्टा हमखास दप्तरात असतो, कारण तो बांधला की मित्र चिडवतात. सहावीचे वर्ग शेवटच्या मजल्यावर आहेत. गच्ची रात्रभर निवत नाही, त्यामुळे सकाळी आठलाच वर्ग तापलेला असतो. शाळेने प्रत्येक वर्गात एक मोठा कूलर बसवला आहे, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. पण तो पूर्ण वेगावर लावला की मागच्या बाकांवर शिकवलेले ऐकू जात नाही आणि कमी केला की पुढच्या दोन रांगांपलीकडे वारा जात नाही. मुलांनी यावर स्वतःच तोडगा काढला होता: गणिताला कूलर हळू, चित्रकलेला जोरात. २०२५ मध्ये सातवीचा वर्ग खालच्या मजल्यावर आला आणि तोच एप्रिल बराच सुसह्य झाला.

याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर हा अभिप्राय एकांगी होईल. जूनच्या शाळेत जाणारी मुलगी एप्रिलभर घरी कूलरसमोर बसलेली नसते. २०२५ मध्ये राज्यभर पहिली ते नववीच्या परीक्षांचे एकच वेळापत्रक आले आणि ८ ते २५ एप्रिल या काळात ती आठवीचे पेपर देत होती, त्याच उन्हात, पंख्याखाली, आणि त्यावर विदर्भातील पालकांनी व शिक्षकांनी नाराजीही व्यक्त केली होती. म्हणजे एप्रिलचे ऊन दोन्ही मुलांना सारखेच लागले. फरक एवढाच की एक परीक्षेसाठी त्यात गेली आणि दुसरा नव्या वर्षाच्या सुरुवातीसाठी. मार्चमध्येच परीक्षा संपवण्यात सीबीएसईच्या शाळेचे निश्चितच शहाणपण आहे. वर्ष मार्चमध्ये संपवावे हे मला पटते. पटत नाही ते लगेच पुढचे वर्ष उघडणे.

सुटीची लांबी हाही जूनच्या बाजूचा निर्भेळ गुण नाही. उर्वरित महाराष्ट्रात २०२४ मध्ये शाळा १५ जूनला उघडल्या, विदर्भात १ जुलैला. पुढच्या वर्षी १६ जून आणि विदर्भात २३ जून, तेही पहिला आठवडा सकाळपाळीत. नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) सरून, मृगाचा पाऊस पडून, जमीन जरा निवल्यावर मुलांना बोलवावे यात तथ्य आहे, पण दोन महिन्यांनी परतलेल्या मुलीचे अपूर्णांक पार पुसले गेले होते आणि जुलैचा पहिला पंधरवडा उजळणीतच गेला. मुलाचे तसे झाले नाही. सुटीनंतर जूनच्या मध्यावर तो वर्गात बसला तेव्हा बाक, शिक्षक आणि वही सगळे ओळखीचे होते, आणि नवख्या मुलाला ही गोष्ट फार उपयोगी पडते. एप्रिलच्या सत्राचा मला दिसलेला सर्वांत खरा लाभ अभ्यासात पुढे जाण्याचा नसून हा आहे.

त्याची किंमत मे महिन्यात मोजावी लागते. आम्ही दोन्ही मुलांना घेऊन वरुडला, माझ्या माहेरी गेलो. मुलगी आठवीतून सुटलेली आणि नववीत न पोचलेली, म्हणजे कोणत्याच इयत्तेची नव्हती. कोणी विचारले तर "नववीत जाणार" असे सांगून ती विहिरीकडे पळत असे. मुलगा मात्र रीतसर सातवीत होता. त्याच्या पिशवीत तीन पुस्तके, प्रकल्पाच्या दोन वह्या आणि शाळा उघडल्यावर पहिल्याच आठवड्यात होणाऱ्या घटक चाचणीचे वेळापत्रक होते. दुपारी सगळी भावंडे पाठीमागच्या खोलीत पत्ते कुटत असताना माझे वडील त्याला जलचक्राचे चित्र रंगवायला मदत करत होते. शाळेकडे मी हा मुद्दा पालकसभेत मांडला. सुटीतील गृहपाठ ऐच्छिक आहे असे उत्तर मिळाले. चाचणी ऐच्छिक आहे का, या प्रश्नावर विषय बदलला गेला.

शाळेवर सगळा दोष टाकणे न्याय्य होणार नाही. १ एप्रिल ते ३१ मार्च हे सीबीएसईचे ठरलेले वर्ष आहे. उलट काही शाळा त्याही आधी वर्ग सुरू करतात हे पाहून मंडळाने मार्च २०२३ मध्ये १ एप्रिलपूर्वी सत्र उघडू नये अशी ताकीद दिली होती. देशभरासाठी एक तारीख असली की बदल्यांच्या नोकरीतील पालकांची सोय होते, आणि आमच्या वर्गात रेल्वे व संरक्षण खात्यातील कुटुंबांची जी मुले आहेत त्यांना जबलपूरहून किंवा पुण्याहून येताना वर्ष बुडवावे लागले नाही. तेच वेळापत्रक राज्य मंडळाच्या गावोगावच्या शाळांना लावणे मात्र वेगळे. मार्च २०२५ मध्ये शिक्षणमंत्री दादा भुसे यांनी सीबीएसईच्या धर्तीवरील अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणण्याचे विधिमंडळात सांगितले, आणि त्याच सुमारास गोव्याने ७ एप्रिलपासून सहावी ते दहावी आणि बारावीचे वर्ग सकाळच्या वेळेत सुरू केले. तेथे पालकांचा विरोध उच्च न्यायालयापर्यंत गेला, तरी वर्ग भरलेच. गोव्याचा उन्हाळा घामाचा आहे, आमचा भाजणारा. तेथे जे निभावले ते अकोला-चंद्रपुरात, पत्र्याच्या छताखाली आणि भारनियमनात निभावेल असे गृहीत धरणाऱ्याने एकदा साडेबाराला आमच्या थांब्यावर उभे राहावे.

मुलाला आम्ही याच शाळेत ठेवले आहे. शिकवणे चांगले आहे, त्याचे मित्र येथे आहेत आणि वेळापत्रकासाठी मूल हलवायचे नसते. पण ज्या पालकांना केवळ एप्रिलच्या सत्राच्या आकर्षणाने राज्य मंडळातून मूल काढायचे आहे त्यांना मी तसे सुचवणार नाही, विशेषतः पाचवी आणि आठवीच्या टप्प्यावर. शाळेला पाचपैकी चार तारे, तिच्या एप्रिलला दोन. चौकशीला जाणाऱ्यांनी दाखला कधीपर्यंत चालेल हे लेखी घ्यावे, मे महिन्याचे बसभाडे आकारतात का ते विचारावे (आमच्याकडून दोन्ही वर्षी घेतले गेले, बस मात्र मे महिन्यात एकदाही निघाली नाही), आणि वर्ग कितव्या मजल्यावर भरणार तेही विचारावे. आम्ही फी विचारली होती, निकाल विचारले होते, मैदानही फिरून पाहिले होते. जिना चढून वर काही गेलो नव्हतो.