आधी ‘कुठून’ की आधी ‘कुठे’: बीकॉपी आणि मेमकॉपी
सी भाषेतला जुना कोड आवरायला घेतला की हा प्रश्न येतोच: मेमरीतले बाइट एकीकडून दुसरीकडे नकलणाऱ्या बीकॉपी (bcopy) आणि मेमकॉपी (memcpy) या फंक्शनना आधी ‘कुठून’ सांगायचं की आधी ‘कुठे’? बीकॉपीचा क्रम बोलण्यासारखा: इथून, तिथे, इतके बाइट. मेमकॉपीचा क्रम ‘अ = ब’सारखा, भरायचं भांडं डावीकडे. मी दुसराच निवडतो. स्ट्रकॉपी (strcpy), मेममूव्ह (memmove) ही फंक्शनंही त्याच वळणाची, आणि पॉसिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकाने २००८ साली बीकॉपी काढूनही टाकलं.

पण बीकॉपीच्या जागी मेमकॉपी असं नुसतं नाव बदलून थांबू नका, कंसातला क्रमही उलटा करा. दोन्ही पॉइंटर (मेमरीतले पत्ते) व्हॉइड, म्हणजे कुठल्याही प्रकारच्या डेटाचे. कुठे कॉन्स्ट (‘हे बदलू नका’ अशी खूण) नसेल तर क्रम चुकला तरी कंपायलर हूं की चूं करत नाही, आणि रिकामा बफर (मेमरीचा तुकडा) भरलेल्यावर ओतला जातो. शिवाय एकमेकांवर आलेली मेमरी बीकॉपी नीट हलवतं, मेमकॉपी तशी हमी देत नाही, मेममूव्ह देतं. म्हणून बीकॉपी(जुना, नवा, ६४) याची खरी बदली मेममूव्ह(नवा, जुना, ६४).