दिवाळीत घेतलेल्या सायकली, दोन मुलं आणि पनवेलमागचे कच्चे रस्ते: पावसाळा उलटल्यावरचा अनुभव

खारघरला राहता आणि सायकल घेतली म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: "मग, हिलवर जाऊन आलात का?" आलो, बऱ्याचदा आलो. पण लहान मुलं बरोबर असतील तर खारघर हिल सगळ्यात शेवटी करावी, असं माझं आता पक्कं मत झालंय.

आधी सायकलींबद्दल. आम्हा दोघांना साध्या एमटीबी, म्हणजे माउंटन बाइक: 27.5 इंची चाकं, पुढे सस्पेन्शन, मेकॅनिकल डिस्क ब्रेक. मुलगा अकरा वर्षांचा, त्याला 24 इंची, 7 गिअरची. धाकटी सात वर्षांची, तिला 20 इंची, बिनगिअरची. दुकानात सगळा वेळ आमच्या सायकलींवर गेला, पण सहलीत खरा हिशोब असतो तो सगळ्यात लहान सायकलीचा. धाकटीची सायकल एकदा रद्दीवाल्याच्या ताणकाट्याला लटकवली तर 12 किलोच्या वर भरली, आणि ती स्वतः 21 किलोची. म्हणजे निम्म्याहून जास्त वजन ती बिचारी एकाच गिअरवर ओढत होती. जानेवारीत सोसायटीतल्या एका ताईंकडून तिला गिअरवाली जुनी सायकल घेतली आणि "आई, अजून किती?" हे पालुपद जवळजवळ बंद झालं.

मोठ्यांच्या सायकलीत एकच गोष्ट बघून घ्या. पुढची सगळ्यात लहान चकती 24 दात्यांची आणि मागची सगळ्यात मोठी 28 ची असेल, तर पॅडलच्या एका फेरीत चाक एका फेरीहून कमी फिरतं. चढावर हाच गिअर कामाला येतो. पुढचं सस्पेन्शन मात्र या किमतीत निव्वळ शोभेचं. कच्च्या रस्त्यावरचे दणके खरे खातो तो टायर. आमचे 2.1 इंच रुंद आहेत. डांबरावर 45 पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) आणि मुरमावर 30 पर्यंत हवा उतरवली की मनगटं दुखत नाहीत. वॉल्व्ह मोटारसायकलसारखा असल्याने पेट्रोल पंपावर हवा भरता येते, पण मुलांच्या टायरला तिथली नळी लावू नका, क्षणात जास्त होते. हातपंप पिशवीत हवाच.

आता रस्ते. आमचा सगळ्यात लाडका नेरे ते गाढेश्वर धरण आणि पुढे धोदाणीकडे जाणारा. पनवेलपासून नेऱ्यापर्यंत डंपर आणि नवीन बांधकामांची धूळ असते, म्हणून तेवढं अंतर सायकली कारच्या रॅकवरून नेतो. शांतिवनाच्या परिसरातून पुढे वाजे सोडलं की गर्दी मागे पडते. समोर माथेरान, उजव्या हाताला प्रबळगड आणि त्याच्या खांद्याला कलावंतीणचा सुळका. मुख्य रस्ता डांबरीच आहे, पण खरी मजा दोन्ही बाजूंच्या वाड्यांकडे फुटणाऱ्या वाटांवर. भातकापणी झाली की खाचरांच्या कडेने ट्रॅक्टरच्या चाकोऱ्या उमटतात, मधे गवताचा पट्टा. एका चाकोरीत धाकटी, दुसरीत मी, गप्पा मारत जायचं. चाक गवतावर चढलं तरी ती पडत नाही, नुसती थांबते. या वयाच्या मुलांना ऑफरोड शिकवायला याहून बरी जागा मला आसपास दिसलेली नाही.

थंडीत तिथेच एका शेतकऱ्याच्या घरी खोली घेऊन राहिलो. संध्याकाळी पोपटी लावली होती: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, वर जाळ. मुलं इतकं खाऊन बसली की सकाळी कोणी सायकलीकडे बघेना. दुपारी परत आलो तर घरातल्या आजींनी मलाच झापलं, "पोरीचं तोंड बघ कसं लाल झालंय. आधी पाणी पाज, फोटो मग काढ."

फेब्रुवारी सरता सरता चित्र बदलतं. शेतात राब भाजायला, म्हणजे पालापाचोळा जाळायला सुरुवात होते, सकाळीच धूर असतो, दम्याचा त्रास असणाऱ्यांनी टाळावं. मार्च ते मे साडेनऊनंतर मुलांना रस्त्यावर ठेवू नये. पावसाळ्यात गाढेश्वर आणि खारघरचा पांडवकडा धबधबा या दोन्ही ठिकाणी पोलिसांची बंदी असते आणि ती योग्यच आहे. दरवर्षी कोणीतरी वाहून गेल्याची बातमी येते, तरी "थोडंसं पुढे जाऊ" म्हणणारे भेटतातच.

हिलचं सांगायचं तर फणसवाडी-चाफेवाडीकडे जाणारा तो डांबरी चढ आहे. वर गेल्यावर छान वाटतं, पण प्रश्न उतरणीचा. मुलांची बोटं ब्रेकच्या लिव्हरपर्यंत नीट पोचतच नाहीत. लिव्हरच्या बुडाशी एक बारीक स्क्रू असतो, तो आत घेतला की लिव्हर हँडलजवळ येते. दुकानात हे कोणी सांगत नाही. ज्यांच्याकडून सायकली घेतल्या त्यांची 'फ्री सर्व्हिस' म्हणजे चेनवर तेलाचे दोन थेंब आणि घंटी वाजवून बघणं. स्क्रूचं काम घरी दोन मिनिटांत झालं. ते झाल्यावरच मुलाला उतरणीवर सोडला.

माहेर ठाण्याचं, त्यामुळे येऊर ओघाने आलंच. सावलीच्या बाबतीत येऊरला तोड नाही. पण तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे, बिबट्याचं घर आहे, आणि जंगलातल्या पायवाटांवर परवानगीशिवाय सायकल घालायची नसते. वनखात्याच्या नाक्यापासून पाड्यांपर्यंतचा डांबरी रस्ता, तोही उजाडता उजाडता, एवढंच आमचं येऊर. शनिवार-रविवारी बंगल्यांवर जाणाऱ्या गाड्या सुरू झाल्या की मुलांना घेऊन तिथे थांबण्यात अर्थ नाही.

सीवूड्सला टी. एस. चाणक्य या नौवहन प्रशिक्षण संस्थेच्या मागे फ्लेमिंगो बघायला सायकलवरून जाणं हा सगळ्यात सोपा कार्यक्रम. सपाट, छोटा, पाहुण्यांच्या मुलांनाही झेपणारा. फक्त खाडीच्या हवेने चेन लवकर गंजते. घरी आल्यावर पुसून पातळ तेल लावायचं. चिखलातून आलो असू तर आधी रॉकेल आणि जुना टूथब्रश, पण डिस्कवर थेंबही उडू द्यायचा नाही, नाहीतर ब्रेक लागेनासे होतात. आमचे पॅड पावसाळ्यानंतर अख्खी सोसायटी जागी होईल असे किंचाळायला लागले, शेवटी बदलले. बाकी मोठा खर्च अजून तरी नाही. पंक्चर बहुतेक बाभळीच्या काट्यांची. काटा टायरमध्येच राहिला तर नवीन ट्यूबही तासाभरात जाते, म्हणून टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधल्याशिवाय ट्यूब घालू नका.

आणि बायकांनी मला हमखास विचारलेला प्रश्न: टॉयलेटचं काय? नेऱ्याच्या पुढे बरी सोय आम्हाला सापडलेली नाही. आम्ही जेवण आधी फोन करून एखाद्या घरी सांगून ठेवतो आणि तेव्हाच हेही विचारून घेतो. आजवर कोणी नाही म्हटलेलं नाही.