पांढऱ्या कांद्याची माळ आणि आमिश भजी

अलिबागचा पांढरा कांदा तळायला घेतला, तर आमच्या नागावात लोक वेड्यात काढतील. हा कांदा कच्चा खायचा, माशाच्या जेवणाबरोबर. उग्रपणा नाही, डोळ्यांत पाणी नाही. इथल्या मातीत गंधक कमी म्हणून तो असा गोड होतो म्हणतात. तरीही यंदा आमच्या होमस्टेच्या स्वयंपाकघरात तो कढईत गेला आणि मी त्याला पाचपैकी चार देतो. एक गुण कशाचा कापला ते पुढे येईलच.

निमित्त आमिश पद्धतीच्या कांदाभज्यांचं. आमिश म्हणजे अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया, ओहायोकडची घोडागाडीतून फिरणारी शेतकरी मंडळी. त्यांच्या भज्यांत बेसन नाही, ओवा नाही, मिरची तर नाहीच. पाऊण वाटी मैदा, मोठा चमचाभर मक्याचं पीठ, तेवढीच साखर, दोन छोटे चमचे बेकिंग पावडर, मीठ, पाऊण वाटी दूध आणि अडीच वाट्या बारीक चिरलेला कांदा. मक्याचं पीठ पिवळं, किंचित रवाळ हवं. कॉर्नफ्लॉरचा पांढरा डबा उघडू नका, कुरकुरीतपणा त्या रव्यातून येतो. दूध एकदम ओतू नका. मीठ लागलं की कांदा स्वतःचं पाणी सोडतो, आणि मला पाऊण वाटीतलं बरंच दूध उरवावं लागलं. पीठ चमच्यातून धार न धरता गोळ्यानं पडलं पाहिजे.

तेलात सोडल्यावर झाऱ्यानं हलकेच दाबून चपटं करायचं. मग कडेला जाळी सुटते, बाहेर आलेले कांद्याचे तुकडे आधी लाल होतात आणि मधला भाग फुगतो. साखर आणि दुधामुळे रंग फार लवकर चढतो, म्हणून आच मध्यमच ठेवा, नाहीतर बाहेरून तांबूस आणि आत कच्चा मैदा. पांढऱ्या कांद्याचा गोडवा इथे खुलतो. लाल कांद्याचीही करून पाहिली. दुधाच्या पिठात त्याचा उग्रपणा वेगळा पडतो.

आईनं एक खाल्लं आणि विचारलं, "मिरची कुठाय?" मग स्वतःच उठून जवळ्याची चटणी घेऊन आली. आमिश लोकांनी काय म्हटलं असतं ठाऊक नाही, पण पाहुण्यांनी चटणीसकट ताट पुसलं.

आता माळेबद्दल. 2022 साली या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळालं. कार्ले, खंडाळे या भागातल्या बायका पातीसकट वेणी घालून माळा करतात. ती घट्ट, एकसारखी वीण बघितली की पैसे द्यायला हात आखडत नाही. पण घेताना माळ उलटी करून बघा. हायवेवरच्या एका टपरीवर मला दर्शनी बाजूला टपोरे आणि मागे सुपारीएवढे कांदे गुंफलेली माळ मिळाली. मान बारीक आणि सुकलेली हवी, बोटानं दाबली तर मऊ लागता कामा नये. गोणीतला सुटा पांढरा कांदा 'अलिबागचाच' म्हणून कोणी दिला, तर पुढे चालू लागा.

कापलेला गुण भावाचा. एका घाण्याला माळेचा चांगला तुकडा जातो, आणि रोजच्या नाश्त्याला हे परवडणारं नाही. खेकडा भजीला तर हा कांदा वायाच. तिथं उभा चिरलेला लाल कांदा आणि बेसनच पाहिजे. माळ पडवीत वाऱ्यावर टांगा, फ्रिजमध्ये नको. मृगाच्या सरी आल्या की आमच्या दमट हवेत कोंब फुटायला लागतात, तेव्हा भजी करायची असतील तर मे महिन्यातच करून घ्या.