यादवी युद्धावरचा बोर्ड गेम: राजधानी पडली की संपतो, तिथेच गंडलाय

आत्तापर्यंत अकरा डाव झालेत म्हणून आता लिहायला बसलोय. पहिल्या दोन डावांनंतर लिहिलं असतं तर पाचपैकी पाच स्टार दिले असते, आज साडेतीन देतोय, आणि ते दीड का कापले तेच मुख्य सांगायचंय. लांबेल जरा.

चार जणांचा गेम आहे. एका काल्पनिक देशात यादवी पेटलीये, एक जण सरकार, एक बंडखोर, तिसरा शेजारी देश आणि चौथा लांबची महासत्ता. दर फेरीला शेजाऱ्याने आणि महासत्तेने ठरवायचं की सैन्य घुसवायचं, गुपचूप शस्त्रं पुरवायची का गप्प बसायचं. बोर्ड जाड आहे, सोंगट्या लाकडी, पत्त्यांची छपाई छान. नियमांची पुस्तिका मात्र गचाळ, शस्त्रसंधीचा नियम दोन पानांवर दोन वेगवेगळ्या प्रकारे दिलाय त्यामुळे पहिला अख्खा डाव आम्ही चुकीचा खेळलो.

सगळ्यात भारी काय जमलंय तर निर्वासितांची सोय. ज्या प्रांतात लढाई होते तिथून पिवळ्या चकत्या शेजारी देशाच्या बोर्डावर सरकतात आणि प्रत्येक चकतीमागे दर फेरीला पैसे मोजावे लागतात. मी पहिल्यांदा शेजारी झालो तेव्हा ठरवलं होतं की आपण यात पडायचंच नाही, त्यांचं भांडण त्यांनी बघावं, आणि पाचव्या फेरीला माझी तिजोरी रिकामी. १९७१ मध्ये भारतात पूर्व पाकिस्तानातून जवळपास एक कोटी माणसं आली होती हे शाळेत पाठ केलेलं, पण त्या आकड्याचं ओझं मला या चकत्या मोजताना कळलं. तेव्हा मार्चमध्ये कत्तल सुरू झाली, भारताने आधी तिथल्या बंडखोरांच्या मुक्तिवाहिनीला मदत केली, उघड युद्ध ३ डिसेंबरला सुरू झालं आणि १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती. आणि एक गोष्ट लोक विसरतात, मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य तिथून परत आलं होतं, कारण कारभार हातात द्यायला त्यांचं स्वतःचं सरकार होतं, लोकांनी मतं देऊन निवडलेली माणसं होती. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसरी जमलेली गोष्ट म्हणजे शस्त्रांचे पत्ते. तुम्ही एका बाजूने सैन्य उतरवलं की समोरच्या बाजूला दुसरीकडून आपोआप माल मिळतो, पैसे न देता. आमच्यातला एक जण पहिल्याच डावात चिडला की हा कुठला न्याय, मी माझी माणसं धोक्यात घालतोय आणि त्याला फुकट! पण खरंच असंच होतं ना. सीरियात सत्ताधीश असदच्या मागे इराण आणि लेबनॉनची सशस्त्र संघटना हिजबुल्ला, बंडखोरांच्या मागे तुर्कस्तान, आखाती देश, अमेरिका, मग सप्टेंबर २०१५ च्या शेवटी रशियाची विमानं, आणि एकाने जोर लावला की दुसरा लावणार, मधे देशाचा चुराडा. इतकं सगळं करून वाचवलेला असद डिसेंबर २०२४ मध्ये दोन आठवड्यांच्या आत गेला, कारण टेकू देणारेच दुसरीकडे अडकले होते. येमेनचं तर त्याहून वाईट. मार्च २०१५ मध्ये सौदीच्या आघाडीने बॉम्बहल्ले सुरू केले, आणि संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा अंदाज असा की २०२१ संपेपर्यंत ३ लाख ७७ हजार माणसं गेली, त्यातली निम्म्याहून जास्त गोळी-बॉम्बने नाही तर भूक, रोगराई, औषधपाणी न मिळाल्यामुळे. गेममध्ये निर्वासितांच्या चकत्या आहेत पण भुकेने मरणाऱ्यांसाठी काहीच नाही, हे मला खटकतं.

आता तक्रारी.

पहिली, शांतिसेनेची सोंगटी. ती पांढरी आहे आणि नियम असा की तिच्यावर कोणी हल्ला करू शकत नाही, ठेवली की त्या प्रांतातली लढाई बंद. हे वाचून मला वाईटच वाटलं. २९ जुलै १९८७ ला राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी करार केला, भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली ती तमिळ संघटनांची शस्त्रं खाली ठेवून घ्यायला, आणि ऑक्टोबर उजाडेपर्यंत तीच सेना जाफन्यात लिट्टे या तमिळ संघटनेशी लढत होती. ज्यांच्यासाठी गेलो म्हणत होतो त्यातले बरेच तमिळ विरोधात गेले, सिंहली लोकांना तर आपलं सैन्य पहिल्यापासून नको होतं, नवे राष्ट्राध्यक्ष प्रेमदासा सरळ म्हणाले परत जा. मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी निघाली तोवर सुमारे १२०० जवान गेले होते, पुढच्या वर्षी श्रीपेरुंबुदूरला राजीव गांधींची हत्या झाली, आणि श्रीलंकेतलं युद्ध २००९ पर्यंत चालूच राहिलं. परक्या देशात बंदूक घेऊन उतरलेला माणूस तटस्थ राहतच नाही, त्याला तसं राहायचं असलं तरी समोरचे राहू देत नाहीत. त्यामुळे या सोंगटीवर हल्ला करता यायलाच हवा. आम्ही आता तसंच खेळतो.

दुसरी तक्रार मोठी आहे. राजधानी पडली की गेम संपतो. गुण मोजा, डबा बंद. आणि यामुळे महासत्ता खेळणारा प्रत्येक वेळी एकच डावपेच करतो, ठरावाचा पत्ता काढायचा, नो-फ्लाय झोन (म्हणजे समोरच्याच्या विमानांना उडायला बंदी) लावायचा, बंडखोरांना वरून विमानांचं कव्हर द्यायचं, जिंकला. हे अगदी लिबियासारखं आहे, फक्त लिबियाचा पहिला अर्धा भाग! १७ मार्च २०११ ला सुरक्षा परिषदेत ठराव १९७३ झाला, दहा मतं बाजूने, पाच तटस्थ, त्यात भारतसुद्धा. ठराव होता नागरिकांना वाचवण्यासाठी, बेनगाझी शहरावर हुकूमशहा गद्दाफीचं सैन्य चालून येत होतं ते खरंच होतं. पण थांबायचं कुठे हे ठरलंच नव्हतं, २० ऑक्टोबरला गद्दाफी मारला गेला, ३१ ला नाटोने मोहीम बंद केली. या गेममध्ये इथे टाळ्या. खऱ्या लिबियात मग टोळ्यांनी शस्त्रं खाली ठेवलीच नाहीत, २०१४ पासून पुन्हा यादवी, त्यात परत नवे परदेशी. ओबामांनी २०१६ मध्ये स्वतः कबूल केलं की नंतरची तयारी न करणं ही त्यांची सगळ्यात मोठी चूक असावी. शिवाय नुकसान लिबियापुरतं राहिलं नाही. नागरिक वाचवायच्या नावाखाली सत्ता उलथवली असं रशिया-चीनने धरलं आणि त्याच ऑक्टोबरमध्ये सीरियाच्या ठरावावर दोघांनी नकाराधिकार वापरला.

म्हणून आम्ही घरचा नियम केलाय. राजधानी पडल्यावर आणखी चार फेऱ्या, प्रत्येक फेरी म्हणजे एक वर्ष. दर प्रांतात बाहेरचं सैन्य किंवा सगळ्यांना मान्य असलेलं सरकार यापैकी एक तरी पाहिजे, नाहीतर तिथे नवा बंडखोर गट उभा राहतो. काय फरक पडतो सांगू, आधी जो जिंकायचा तोच आता शेवटचा येतो. बोस्नियात १९९५ च्या नाटोच्या विमानहल्ल्यांबद्दल लोक बोलतात, तीन आठवडे बॉम्ब टाकले आणि सर्ब वाटाघाटीला आले, पण करारानंतर तिथे ६० हजारांच्या आसपास सैन्य उतरलं होतं आणि परदेशी तुकड्या कमी संख्येने का होईना वर्षानुवर्षं राहिल्या त्याबद्दल कोणी बोलत नाही. तो देश आजही नीट चालत नाही, मान्य, पण माणसं एकमेकांना मारत नाहीयेत.

तिसरी तक्रार याच्या बरोबर उलट आहे, आणि इथे माझं आणि दादाचं कडाक्याचं भांडण झालं. गेममध्ये ‘पास’ म्हटलं तर काहीच लागत नाही. महासत्ता पूर्ण डाव गप्प बसली तरी तिचा एक गुण कमी होत नाही. दादा म्हणाला, “बरोबर आहे ना, दुसऱ्याच्या देशात नाक खुपसू नये, संयुक्त राष्ट्रांच्या सनदेत लिहिलंय तसं.” सनदेत आहे हो, अंतर्गत बाबींत ढवळाढवळ नको म्हणून, आणि एरवी मीही त्याच बाजूचा. पण रवांडा? ऑक्टोबर १९९३ मध्ये सोमालियाच्या मोगादिशूत १८ अमेरिकन सैनिक मेले, अमेरिकेने हात भाजून घेतले, आणि सहाच महिन्यांनी रवांडात कत्तल सुरू झाली तेव्हा कोणाला पुन्हा आफ्रिकेत सैन्य पाठवायचं नव्हतं. तिथल्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेचे प्रमुख जनरल डॅलेअर तिथे उभे राहून आणखी माणसं मागत होते आणि सुरक्षा परिषदेने २१ एप्रिल १९९४ ला उलट ठराव केला की २७० ठेवा, बाकीचे परत. शंभर दिवसांत आठ लाखांच्या आसपास माणसं मारली, बरीचशी कोयत्यांनी. तेव्हा पास म्हणणं फुकट नव्हतं, त्याची किंमत दुसऱ्यांनी दिली एवढंच. दादा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “मग लिबियात गेले ते बरोबर होतं म्हणतोस?” आणि मला सरळ उत्तर देता आलं नाही.

अकरा डावांनंतर माझं मत साधारण असं झालंय. एखाद्या बाजूला जिंकवायला सैन्य पाठवू नये, कधीच नाही, समोरून दुसरं कोणीतरी येणारच. कत्तल डोळ्यासमोर चालू असेल तर जावं, पण ती थांबवण्यापुरतं, कारभार कोणाच्या हातात देणार ते माहीत असेल तर, आणि तसं कोणी नसेल तर वर्षानुवर्षं राहायची तयारी घरच्या लोकांना आधी सांगून. ही तयारी नसेल तर निदान सीमा उघडाव्यात आणि शस्त्रं पाठवणं थांबवावं, तेवढं तर कोणालाही करता येतं. गेममध्ये सीमा उघडण्याचा पत्ता एकच आहे, पूर्ण गठ्ठ्यात एक! बनवणाऱ्यांना मी हे सगळं सविस्तर लिहून कळवलंय, उत्तर आलं की पुढच्या आवृत्तीत विचार करू.

घ्यावा का? घ्या, पण चार जण असतील तरच, तिघांत शेजारी देश पत्त्यांवर चालतो आणि मजा जाते. बारा वर्षांच्या मुलांना चालेल असं डब्यावर लिहिलंय, मी म्हणेन पंधराच्या पुढे. आणि आमचे तीन नियम लावून खेळा: शांतिसेनेवर हल्ला होऊ शकतो, राजधानीनंतर चार फेऱ्या, आणि ज्या फेरीत कत्तलीचा पत्ता उघडेल त्या फेरीत पास म्हणणाऱ्याचे दोन गुण कमी. हा तिसरा नियम दादानेच सुचवला, परवाच्या डावात.